स्ट्रिपिंग बास्केट: निवड, बांधणी आणि लाइन भरण्याचा बरोबर क्रम

किनाऱ्यावरून फ्लाय फिशिंग (गळावर पिसं-धागे बांधून केलेली 'फ्लाय' जड लाइनने फेकून मासेमारी) करणाऱ्यांची स्ट्रिपिंग बास्केटबद्दल, म्हणजे परत ओढलेली लाइन ठेवायला कमरेला बांधतात त्या टोपलीबद्दल, एक तक्रार कायम ऐकू येते: बास्केट लावली तरी लाइन गुंततेच, उलट जास्तच गुंतते. मग ती गाडीच्या डिकीत पडून राहते आणि माणूस पुन्हा पायांभोवती लाइनचे वेढे घेऊन लाटांमध्ये उभा राहतो. यात दोष बास्केटचा क्वचितच असतो. लाइन उलट्या क्रमाने भरलेली असते, गरजेपेक्षा जास्त भरलेली असते, किंवा बास्केट चुकीच्या उंचीवर बांधलेली असते. तिन्ही चुका सुधारता येतात, पण त्यासाठी कामं ठरलेल्या क्रमानेच करावी लागतात.

इथले आकडे न्यू जर्सीच्या अटलांटिक किनाऱ्यासाठी आहेत. सँडी हुकपासून आयलंड बीच स्टेट पार्कपर्यंतची वाळू आणि दगडी बांध, मासा स्ट्राइप्ड बास (पट्टेरी समुद्री मासा), ९ फुटी ९ वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड, १०० फुटांच्या आसपासची इंटरमीजिएट (हळूहळू बुडणारी) लाइन आणि २० पौंडी लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा पातळ दोरा). मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडला किंवा न्यूयॉर्कमधल्या मॉन्टॉकला हेच चालेल. किनाऱ्यावर जायच्या आधी त्या त्या राज्याची नोंदणी आणि त्या वर्षीचे मापाचे नियम पाहून घ्या. न्यू जर्सीत समुद्रातल्या मासेमारीसाठीची नोंदणी मोफत आहे, पण ती करावी लागते.

## १. आधी जागा ठरवा, मग बास्केट

उघड्या किनाऱ्यावर लाट बास्केटवर आदळते, म्हणून तिथे कडक भिंतींची, अखंड साच्यातली बास्केट लागते. मऊ जाळीची, घडी होणारी बास्केट लाटेच्या धक्क्याने दबते आणि आतली लाइन एका कोपऱ्यात गोळा होते. रॅरिटन बेसारख्या शांत पाण्यात मात्र तीच घडीची बास्केट चांगली चालते, आणि रोज ट्रेनने जाणाऱ्याच्या पाठपिशवीत मावते.

सुट्टीत भारतात घरी जाताना रॉड बरोबर नेणाऱ्यांसाठी कोकणातल्या खाड्यांबद्दल एक गोष्ट. तिथल्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या धारेवर लाइनचं वरचं आवरण एका ओढीत सोलून निघतं. जिताडा पकडायचा असेल तर तिथे बास्केट न्यू जर्सीपेक्षाही जास्त गरजेची आहे. कडक बास्केट बॅगेत जागा खाते हे खरं, पण आत कपडे भरले की ती जागा वाया जात नाही.

बोटीवर उभं राहून टाकणार असाल तर कमरेची बास्केट सोडा. पायाजवळ ठेवलेली, तळाला वजन असलेली उंच बादली तिथे जास्त सोयीची पडते.

## २. विकत घेताना काय मोजायचं

दुकानात टेप घेऊन जा. रंग आणि खिसे नंतर बघा.

लांबी-रुंदी: शरीराला समांतर १४ ते १८ इंच, पोटापासून पुढे १० ते १२ इंच. यापेक्षा लहान बास्केटमध्ये वेढे एकमेकांवर चढतात. यापेक्षा मोठी बास्केट चालताना मांड्यांना अडते आणि लाटेला जास्त पृष्ठभाग देते.

खोली: ५ ते ७ इंच. चार इंचांच्या बास्केटमधून वारा लाइन बाहेर काढतो. आठ-नऊ इंच खोल असेल तर हात तळापर्यंत पोहोचत नाही आणि लाइन उंचावरून सोडावी लागते.

तळावरचे शंकू: बास्केटचं खरं काम हेच करतात. शंकू लाइनचे वेढे जागच्या जागी धरून ठेवतात, त्यामुळे कंबर हलली तरी ढीग सरकत नाही. शंकू २ ते ३ इंच उंच, टोकाला गोल आणि एकमेकांपासून साधारण ३ इंचांवर असावेत. अगदी जवळजवळ असले तर वेढा दोन शंकूंच्या फटीत अडकतो. टोक किंचितही वाकडं असेल तर वेढा त्यावर आकड्यासारखा लटकतो.

पाण्यासाठी छिद्रं: लाटांमध्ये उभं राहायचं असेल तर हवीतच. आत साचलेल्या पाण्यात लाइन हलत राहते, शंकूंच्या वर येते आणि मग शंकूंचा उपयोग उरत नाही. छिद्र ५-६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, नाहीतर लाइनचा वेढा त्यातून खाली डोकावतो. बास्केटचा तळ पाण्याला टेकेल इतक्या खोल, पण शांत पाण्यात उभे राहत असाल, तर मात्र बिनछिद्राची बास्केट बरी. छिद्रं असली की पाणी खालून वर येतं.

> तपासा: हाताची बोटं आतल्या सगळ्या कडांवरून, कोपऱ्यांवरून आणि पट्ट्याच्या फटींवरून फिरवा. बोटाला खरखरीत लागणारी प्रत्येक जागा लाइनलाही लागणार आहे. पॉलिश पेपरने ती घासून काढता येत नसेल तर ती बास्केट घेऊ नका.

## ३. घरी बनवायची असेल तर

भांडी धुवायचा आयताकृती प्लास्टिकचा टब, शंकूंच्या जागी झिप टाय (दात असलेल्या प्लास्टिकच्या बांधपट्ट्या) आणि एक पट्टा यांतून उत्तम बास्केट होते. नीट बनवली तर ती विकतच्या कुठल्याही बास्केटइतकी काम देते. बहुतेकांची फसते ती एकाच ठिकाणी: झिप टाय तळाला गोंदाने चिकटवल्यामुळे. असे टब पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचे असतात आणि त्यांच्यावर गोंद धरत नाही. गरम गोंद तर थंडीत पहिल्याच दिवशी सुटतो.

साहित्य: साधारण १४ × १२ इंचांचा, ६ इंच खोल टब, ८ इंची झिप टाय २४, दीड इंच रुंद नायलॉनचा पट्टा आणि त्याचं प्लास्टिकचं दाबून उघडणारं बकल, ड्रिल, पॉलिश पेपर, नेलकटर.

१. तळावर १२ खुणा करा. तीन-तीन इंचांचं अंतर, आणि एकीआड एक ओळ दीड इंच सरकवलेली. भिंतीपासून दोन इंच जागा मोकळी सोडा.

२. प्रत्येक खुणेवर झिप टायच्या रुंदीचं भोक पाडा. टाय घट्ट बसला पाहिजे.

३. टाय बाहेरून, म्हणजे टबाच्या खालच्या बाजूने आत घाला. त्याचं डोकं बाहेर तळाला टेकेल.

४. आता दुसऱ्या टायचं फक्त डोकं कापून घ्या. आतून वर आलेल्या टायवर ते सरकवा आणि तळापर्यंत दाबून घट्ट बसवा. एक डोकं खाली, एक वर, मध्ये टबाचा तळ. गोंदाची गरज नाही आणि टाय हलत नाही. २४ टाय लागतात ते यासाठी.

५. टाय तळापासून अडीच इंचांवर नेलकटरने गोल कापा. कात्रीने तिरका कापला तर टोक सुरीसारखं धारदार होतं. टोक पॉलिश पेपरवर घासा.

६. चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी ६ मिलिमीटरची पाच छिद्रं पाडा. त्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी घासा.

७. पोटाकडच्या भिंतीवर, वरच्या काठापासून एक इंच खाली, आठ इंच अंतरावर पट्ट्यासाठी दोन उभ्या फटी कापा. फट कापण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना ड्रिलने गोल भोक पाडा. चौकोनी कोपऱ्यापासून प्लास्टिकला तडा जातो, गोल टोकापासून जात नाही.

८. पोटाकडच्या काठावर पाइपावर चढवतात तो फोमचा पोकळ तुकडा चिरून बसवा. तासाभरानंतर हा काठ बरगड्यांना टोचायला लागतो.

> इशारा: पट्ट्याऐवजी आकडे असलेली लवचीक दोरी वापरू नका. ती चालताना ताणते, बास्केट उड्या मारते, आणि आकड्यात लाइन अडकते.

## ४. कमरेला बांधणं

वेडर्सचा (पाण्यात उभं राहायला घालतात त्या जलरोधक पँटचा) पट्टा आणि बास्केटचा पट्टा हे दोन वेगळे पट्टे आहेत. वेडर्सचा पट्टा आधी, घट्ट आवळून बांधा, कारण पडल्यावर वेडर्समध्ये शिरणारं पाणी तोच रोखतो. बास्केटचा पट्टा त्याच्यावर. त्याचं बकल पाठीमागे नको, बगलेखाली बाजूला घ्या. रॉड नसलेल्या हाताने, न बघता, एका दाबात ते उघडता आलं पाहिजे.

पाण्याने भरलेली बास्केट लाटेच्या परतीच्या ओढीत माणसाला समुद्राकडे खेचते. पडलात तर पहिलं काम बकल उघडणं. लाइन जाईल, बास्केट जाईल, जाऊ द्या. घरी वीस वेळा डोळे मिटून बकल उघडून पाहा.

उंची ठरवायला सरळ उभे राहा आणि हात कोपरात किंचित वाकवून पुढे सोडा. तळवे बास्केटच्या काठाच्या आत सहज यायला हवेत आणि बोटं तळापासून तीन-चार इंचांवर असावीत. बास्केट छातीजवळ बांधली तर हात आखडतात, खेच लहान होते आणि लहान खेचीतून लहान वेढे पडतात. लहान वेढेच सगळ्यात जास्त गुंततात.

एका हाताने लाइन ओढणाऱ्या उजखोऱ्या माणसाने बास्केट डाव्या कमरेकडे थोडी सरकवावी. दोन्ही हातांनी ओढणार असाल तर ती बरोबर मध्ये हवी.

बास्केट पुढे झुकता कामा नये. रिकामी बास्केट सरळ दिसते, पण ओल्या लाइनच्या वजनाने पुढचा काठ खाली जातो आणि सगळे वेढे तिकडे घसरतात. पट्टा इतका आवळा की तळ पोटाकडे किंचित कलता राहील.

> तपासा: बास्केट बांधून चार पावलं पळा, कमरेत वाका, दोन्ही बाजूंना वळा. हवेत कास्टची (लाइन फेकण्याची) हालचाल करा. रॉडचा खालचा दांडा काठाला लागत असेल तर बास्केट दोन इंच खाली घ्या.

> तपासा: छातीवर काय लटकतंय ते बघा. नेलकटर, पक्कड, जॅकेटच्या दोऱ्या, झिपची लांब टोकं: रील आणि बास्केट यांच्यामधली लाइन यांतलं जे सापडेल त्याला वेढा घालते. सगळं आत घ्या किंवा पाठीवर न्या.

## ५. लाइन तयार करणं

रीलवर आठवडाभर गुंडाळलेली लाइन गोल वळणं धरून ठेवते. अशी वळणं घेऊन ती बास्केटमध्ये गेली तर शंकू काहीच करू शकत नाहीत. हिरवळीवर किंवा लाकडी पायवाटेवर लाइनचं टोक मित्राच्या हातात द्या, ६०-७० फूट मागे जा, आणि हळूहळू ताण देऊन पाच-सहा सेकंद धरा. झटका नको. सोबतीला कोणी नसेल तर दोन हातांमध्ये पाच-पाच फूट धरून ताणत जा. कोरड्या वाळूवर हे करू नका. वाळूचा कण लाइनच्या आवरणात रुततो आणि मग रॉडच्या प्रत्येक कडीतून घासत जातो.

लाइन कुठल्या हवामानासाठी बनवलेली आहे, हे बास्केटच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. उष्ण कटिबंधासाठी बनवलेली लाइन एप्रिलमधल्या न्यू जर्सीच्या थंड पाण्यात तारेसारखी ताठ होते आणि बास्केटमधून उसळून बाहेर येते. उलट थंड पाण्याची लाइन मे महिन्यात गोव्याला नेली तर उन्हात मऊ आणि चिकट होते. वेढे एकमेकांना धरून बसतात आणि दोन-तीन एकदम उडतात. दोन्ही ठिकाणी एकच लाइन वापरून बास्केटला दोष देणारे पुष्कळ आहेत.

मळलेली लाइनही तशीच चिकटते. कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण लावून फडक्याने पुसून घ्या. वर लाइनसाठीचं ड्रेसिंग (लाइन गुळगुळीत ठेवणारं द्रव्य) थोडं लावलंत तर उत्तम.

आता खूण. तुम्ही वाऱ्यात, लाटांत, न धडपडता किती लांब टाकता? सर्वोत्तम कास्ट धरू नका, नेहमीची धरा. समजा ६५ फूट. तेवढी लाइन बाहेर असताना रॉडवरच्या पहिल्या, म्हणजे रीलकडच्या, कडीपाशी लाइनवर पक्क्या शाईच्या पेनाने दोन इंचांचा काळा पट्टा काढा. अंधारात वापरायची असेल तर तिथे बारीक धाग्याचे वेढे घालून वर पातळ वार्निश लावा, म्हणजे बोटाला कळेल.

## ६. लाइन बास्केटमध्ये भरणं

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून तो सावकाश समजून घ्या.

पाण्याशी आल्यावर बहुतेक जण रीलवरून साठ-सत्तर फूट लाइन फराफरा ओढतात, थेट बास्केटमध्ये टाकतात आणि पहिली कास्ट करतात. पहिल्या कडीपाशी मुठीएवढा गुंता येऊन धडकतो. याचं कारण क्रमात आहे. रीलवरून ओढताना फ्लायच्या जवळचा भाग आधी येतो आणि तळाशी पडतो. रीलच्या जवळचा भाग शेवटी येतो आणि वर बसतो. कास्ट करताना मात्र फ्लायच्या जवळचा भाग आधी बाहेर जायला हवा. तो ढिगाच्या खालून निघतो आणि वरचे सगळे वेढे सोबत उचलून आणतो.

पाण्यातून परत ओढलेल्या लाइनचा क्रम आपोआप बरोबर असतो. रीलजवळचा भाग आधी येऊन तळाशी जातो, फ्लायजवळचा भाग वर राहतो. म्हणून पहिल्यांदा सगळी लाइन पाण्यात न्यायची आणि तिथून बास्केटमध्ये आणायची. ती पाण्यात न्यायची ती थोडी थोडी.

१. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहा. लाइनचं जाड डोकं, म्हणजे पुढचे ३०-३५ फूट, जमेल तेवढं रॉडच्या टोकाबाहेर काढा. रॉडचं टोक हलवत राहिलं की लाइन सरकते, आणि परतणारी लाट ती पुढे नेते.

२. रीलवरून फक्त १० फूट लाइन ओढून बास्केटमध्ये सोडा. छोटी कास्ट करा. दहा फुटांत उलटा क्रम असला तरी गुंता होत नाही.

३. फ्लाय पाण्यात असतानाच आणखी १० फूट काढा. रॉडचं टोक खाली ठेवून डावी-उजवीकडे हलवा, ही लाइनही कड्यांमधून बाहेर जाऊ द्या. प्रवाह असेल तर तो हे काम स्वतः करतो.

४. खूण पहिल्या कडीपाशी येईपर्यंत हे परत करा.

५. आता रीलवरून आणखी फक्त तीन-चार फूट काढा. यापुढे नाही.

६. सगळी लाइन सावकाश, लांब खेचीने बास्केटमध्ये परत घ्या. पहिली खरी कास्ट आता.

सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागतात. समोर मासे उसळत असताना ही मिनिटं जड जातात, पण गुंता सोडवायला याच्या कितीतरी पट वेळ जातो.

> इशारा: "असू दे थोडी जास्त" म्हणून खुणेपलीकडची वीस फूट लाइन बास्केटमध्ये ठेवू नका. कास्टमध्ये ती कधीच बाहेर जात नाही. तळाशी पडून राहते, प्रत्येक लाटेबरोबर पिळते आणि अर्ध्या तासाने वरच्या चांगल्या वेढ्यांना धरते. एखादी कास्ट अपेक्षेपेक्षा लांब गेलीच तर रील सैल ठेवा, दोन-चार फूट लाइन ती स्वतः देईल.

जागा बदलून बरंच चालल्यावर, किंवा लाइन रीलवर गुंडाळून पुन्हा सुरुवात करताना, हा टप्पा पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. यात सूट नाही.

## ७. कास्ट

कास्टच्या आधी बास्केटमध्ये एक नजर टाका. एखादा वेढा काठाबाहेर लोंबत असेल तर तो आत घ्या. मग कंबर एकदा हलकीच हलवा, वर उभे राहिलेले वेढे खाली बसतात.

इंटरमीजिएट लाइन पाण्याखाली असते, ती सरळ उचलता येत नाही. आधी रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पुढे वळसा देऊन टाकणं) करून ती पृष्ठभागावर आणा, मग मागची कास्ट. हवेतल्या फेऱ्या एक-दोन पुरेत. प्रत्येक जास्तीच्या फेरीत बास्केटमधले वेढे थोडे वर उचलले जाऊन परत पडतात, आणि परत पडताना क्रम बिघडतो.

शेवटच्या पुढच्या कास्टला लाइन हातातून सोडून देऊ नका. अंगठा आणि तर्जनी यांची कडी करा आणि लाइन त्यातून जाऊ द्या. हा हात बास्केट आणि पहिली कडी यांच्यामध्ये, काठापासून फूटभर वर ठेवा. गुंता येत असेल तर बोटांना आधी कळतं आणि तो रॉडपर्यंत पोहोचायच्या आत थांबवता येतो. फ्लाय पडताक्षणी लाइन हातातच असते, हा दुसरा फायदा. बास पुष्कळदा पहिल्या दोन सेकंदांत घेतो.

जोरदार वाऱ्यात कोरडी लाइन बास्केटमधून उडते. ओंजळभर पाणी लाइनवर टाका. ओले वेढे जागेवर राहतात.

## ८. लाइन परत ओढणं

दोन्ही हातांनी ओढण्याची पद्धत शिकून घ्या. बास्केट असताना ती एका हाताच्या पद्धतीपेक्षा स्पष्टच सरस आहे. फ्लायला सलग चाल मिळते, आणि मासा लागला की रॉड वर उचलण्याची चुकीची सवय आपोआप सुटते.

फ्लाय पडली की रॉडची मूठ उजव्या काखेत दाबा, रील काखेच्या मागे. रॉडचं टोक खाली, थेट फ्लायच्या दिशेला. मग पहिल्या कडीच्या मागून लाइन एका हाताने, मग दुसऱ्या हाताने, अशी आलटून पालटून ओढा.

हात काठाच्या आत येईपर्यंत लाइन सोडू नका. वरून सोडलेली लाइन हवेत वळते आणि आठच्या आकारात पडते. एक हात बास्केटच्या डाव्या भागात सोडतो, दुसरा उजव्या भागात, म्हणजे ढीग आपोआप पसरतो. एका हाताने ओढत असाल तर हे जाणून करावं लागेल: एक खेच डावीकडे, पुढची मध्ये, पुढची उजवीकडे.

लहान झटक्यांची चाल हवी असेल तेव्हाही सहा-सहा इंचांचे तुकडे बास्केटमध्ये टाकू नका. तीन-चार लहान खेची तळहातात धरा आणि मग एकत्र दोन फुटांचा वेढा सोडा.

शेवाळ येत असेल तर ते लाइनवरून काढूनच लाइन आत घ्या. केप कॉडला ज्याला 'मंग' म्हणतात ते तांबूस शेवाळ बास्केटमध्ये गेलं तर वेढ्यांना एकत्र बांधून टाकतं. ते सतत येत असेल तर जागा बदलणं बरं.

> तपासा: दर दहा-बारा कास्टनंतर बास्केटच्या तळाशी बोट घाला. वाळू लागली तर बास्केट उपडी न करता, लाइन पाण्यात असताना ती विसळून घ्या.

## ९. मासा लागल्यावर

रॉड वर करू नका. ओढणाऱ्या हातानेच घट्ट, लांब खेच द्या. गळ रुतला की मासा पळतो आणि इथे लोक माशाकडे बघतात. तुम्ही बास्केटकडे बघा. पुढचे काही सेकंद तुमचं काम एवढंच की बास्केटमधली लाइन मोकळी बाहेर जावी.

रॉड काखेतून हातात घ्या. दुसऱ्या हाताच्या बोटांची कडी करून लाइन रॉडच्या मुठीपासून आणि रीलच्या दांड्यापासून बाजूला धरा. वेढा बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी अडकतो, आणि मोठ्या माशाच्या ओढीने २० पौंडी लीडर तुटतो. बास्केट रिकामी झाली की मग रील.

मासा लहान असेल आणि पळत नसेल तर तो हातानेच ओढा आणि लाइन बास्केटमध्ये घेत राहा. क्रमही टिकतो.

## १०. लाटा, दगडी बांध आणि अंधार

मोठी लाट येताना तिला तोंड देऊ नका. कूस तिच्याकडे करा आणि मोकळ्या हाताने बास्केट वर उचला. समोरून घेतलेली लाट बास्केट भरते आणि तोल घालवते. लाटांमध्ये बास्केटचा तळ पाण्याला लागतो आहे असं दिसलं तर तुम्ही जास्त खोल गेला आहात. मागे या.

दगडी बांधावर धोका वेगळा आहे: पोटावर बास्केट असताना स्वतःचे पाय दिसत नाहीत. शेवाळलेल्या दगडांवर चालायचं तेव्हा लाइन रीलवर घ्या, बास्केट पाठीमागे फिरवा, मग पाऊल टाका. बुटांना खिळे हवेतच.

चालताना फ्लाय बास्केटमध्ये टाकू नका. ती वेढ्यांत शिरते आणि लाइनच्या आवरणात रुतते. रॉडवरच्या कडीत अडकवा.

रात्री लाल दिवा वापरा, आणि तो फक्त बास्केटमध्ये बघायला. बाकी काम बोटांवर सोपवा.

## ११. गुंता कुठे होतो त्यावरून कारण ओळखा

पहिल्याच कास्टला गुंता आला तर सहावा टप्पा गाळला गेला आहे. नेहमी कास्टच्या अगदी शेवटी, रीलकडच्या भागात येत असेल तर आत जास्त लाइन आहे.

लाइनच्या स्वतःभोवती घट्ट, बारीक गाठी होत असतील तर तिला पीळ बसलाय. फ्लाय पाण्यात गरगर फिरते का ते बघा, आणि फिरत असेल तर ती बदला. मग फ्लाय काढून लाइन प्रवाहात काही मिनिटं सोडून द्या, पीळ निघून जातो.

दोन-तीन वेढे एकदम उडत असतील तर लाइन मळली आहे किंवा हवामानाला चुकीची आहे. वेढे पुढच्या भिंतीशी गोळा होत असतील तर बास्केट झुकली आहे, पट्टा आवळा. वेढा एकाच शंकूवर पुन्हा पुन्हा अडकत असेल तर त्या शंकूचं टोक तपासा.

गुंता सोडवताना टोकं ओढू नका. लाइनमधला गुंता खरी गाठ क्वचितच असतो, ओढल्याने ती होते. सगळ्यात मोठा वेढा शोधा, गुंता चहूबाजूंनी सैल करत मोठा करा, आणि ज्या वेढ्यातून दुसरा वेढा बाहेर आलाय तो परत त्याच वाटेने ढकला. पाच मिनिटांत सुटला नाही तर किनाऱ्यावर या, फ्लाय कापा आणि बसून सोडवा. लाटांमध्ये मान खाली घालून उभं राहू नका.

## १२. घरी आल्यावर

बास्केट गोड्या पाण्याने धुवा, बकल पाण्याखाली धरून चार-पाच वेळा उघडझाप करा. वाळू आत राहिली तर ते गरज असेल तेव्हा अडकेल. बास्केट सावलीत वाळवा. गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेला टब एका उन्हाळ्यात ठिसूळ होतो.

हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक झिप टाय बोटाने वाकवून बघा. पांढरट रेघ दिसली तर तो बदला. पट्ट्याच्या फटींपासून तडा निघालाय का तेही त्याच वेळी पाहा. लाइनवरची खूण पुसट झाली असेल तर नवी काढा, आणि काढण्याआधी नेहमीची कास्ट पुन्हा मोजा. वर्षभरात ती लांबलेली असू शकते.